त्रेसष्ट की छत्तीस?
(प्राथमिक गणिताच्या पाठाची सामुदायिक तयारी)

दुसरीच्या वर्गात गुरुजी ‘त्रेसष्ट’ असे सांगतात आणि काही मुले पाटीवर ३६ लिहितात. तीच चूक चार वेळा झाली की मूल ‘गणितात कच्चे’ ठरते व हळूहळू मागच्या रांगेत जाऊन बसते. असा शिक्का मारण्यापूर्वी चुकीचे कारण शोधणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

कारण बुद्धीत नसून भाषेत आहे. मराठीत एककाचा उच्चार आधी व दशकाचा नंतर होतो. लेखनात मात्र दशक आधी येतो. मुलाने जे ज्या क्रमाने ऐकले, त्याच क्रमाने लिहिले. शिवाय ‘साठ’चे ‘सष्ट’ होते, ‘सत्तर’चे ‘हत्तर’ होते. ‘एकोणतीस’ या शब्दात तीस ऐकू येतात, पण लिहावयाचे असतात २९. तेलुगू, कन्नड व जपानी या भाषांत दशक आधी बोलला जातो. त्यामुळे तेथे ही उलटापालट उद्भवत नाही.

ही अडचण सर्व मुलांस सारखी जाचत नाही. मुंबईच्या उपनगरांचे उदाहरण घ्यावे. अंधेरीकडे वेसाव्याचा कोळीवाडा आहे, आरे वसाहतीत वारली बांधवांचे पाडे आहेत, घाटकोपरच्या टेकडीवर कष्टकऱ्यांच्या दाट वस्त्या आहेत. अशा भागांतील शाळेत एकाच बाकावर निरनिराळ्या घरभाषांची मुले बसतात. ज्या घरी आईवडील रोज अंक वदवून घेतात, तेथील मुलाचा घोटाळा घरीच सुटतो. ज्याचे आईवडील पहाटेच कामावर जातात, त्यास शाळेवाचून दुसरा आधार नाही. ऊसतोडणीच्या वा वीटभट्टीच्या गावातील शिक्षकांस हे वेगळे सांगणे नको. सर्वांस एकच पाठ एकाच रीतीने देणे म्हणजे समान शिक्षण नव्हे.

या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष पूर्वीच गेले आहे. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ साली झाली. पुढील दशकात व्ही. जी. कुलकर्णी व एस. सी. आगरकर यांनी तेथून महापालिका शाळांतील वंचित समाजांच्या मुलांसमवेत काम केले व भाषेच्या अडसराकडे लक्ष वेधले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ ही रीतही आली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यावर वाद माजला व तो विधानसभेपर्यंत गेला. पण पुस्तकात काहीही छापले, तरी मूल नेमके कोठे अडते हे वर्गातच पाहावे लागते.

हे पाहण्याची एक चांगली रीत जपानमधील शिक्षकांनी रूढ केली आहे. तेथे तिला ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, म्हणतात. स्टिग्लर व हीबर्ट यांच्या १९९९ सालच्या ग्रंथामुळे ती इतर देशांत अधिक परिचित झाली. आपल्या शाळांत ती पुढीलप्रमाणे योजता येईल.

१. तीन-चार शिक्षकांनी एकत्र बसून मुले वारंवार अडतात असा एकच घटक निवडावा.

२. पाठ सर्वांनी मिळून आखावा. उदाहरणे विचारपूर्वक घ्यावीत. ३३ किंवा ४४ घेतल्यास अंकांची अदलाबदल उघड होत नाही. म्हणून ३६ व ६३ शेजारी शेजारी ठेवावेत. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या, अथवा दहाच्या नोटा व रुपयाची नाणी द्यावीत. मुलाने आधी ‘साठ आणि तीन’ मांडावे, मग ‘त्रेसष्ट’ म्हणावे, शेवटी लिहावे. बाजारात आईबरोबर बसणारी मुलगी मोड अचूक देते. तिचे हे ज्ञान पाठात यावे.

३. एकाने पाठ घ्यावा. इतरांनी शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहावे. प्रत्येकाने तीन-चार मुले वाटून घ्यावीत. त्यांत अबोल मुले अवश्य असावीत. कोण स्वतः काड्या मांडतो, कोण शेजाऱ्याचे पाहून लिहितो, फळ्यापाशी कोणास बोलावले गेले, हे जसेच्या तसे टिपावे.

४. त्याच दिवशी चर्चा करावी. जो दोष दिसेल तो सर्वांनी आखलेल्या पाठाचा मानावा, पाठ घेणाऱ्याचा नव्हे. ही तपासणी नाही. तिचा शेरा कोठेही जात नाही.

५. पाठात सुधारणा करून तो दुसऱ्या वर्गात दुसऱ्या शिक्षकाने घ्यावा.

द्विशिक्षकी शाळेने शेजारच्या शाळेस जोडून घ्यावे. केंद्राची शिक्षण परिषद त्यास सोयीची आहे. सत्रात एकच पाठ असा तयार झाला तरी पुरे. एका वर्गात तीस-चाळीस मुले असता एकट्या शिक्षकाची नजर मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, यात त्याचा दोष नाही. चार शिक्षक एकत्र आले म्हणजे ती पोचते आणि ३६ लिहिणारे मूल कच्चे नसून केवळ कान देऊन ऐकणारे होते, हे उमगते.