रीलमध्ये झगमगणारी आयशॅडो आपल्या डोळ्यांवर राखेसारखी का दिसते?

सीन सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रात्री अकरा वाजता रील बघताना एक पॅलेट दिसतं. चाळीस शेड्स, किंमत ३९९ रुपये, वर कॅश ऑन डिलिव्हरी. रील बनवणारी ताई बोट फिरवते आणि हातावर असा काही जांभळा पट्टा उमटतो की पैठणीने लाजावं. चार दिवसांनी पार्सल येतं. मैत्रिणीच्या हळदीला म्हणून तोच जांभळा रंग पापणीवर लावला जातो आणि आरशात दिसते करडी, डागाळलेली, दोन रात्री झोप नसल्यासारखी पापणी. वरून गालावर अर्धी पावडर सांडलेली असते ती वेगळीच.

मग कमेंटमध्ये सल्ले सुरू होतात. ‘तुला ब्लेंडिंग जमत नाही.’ ‘ब्रश चांगला घे.’ ‘तुझ्या स्किनटोनला जांभळा जात नाही.’

यातला शेवटचा सल्ला तर सरळसरळ खोटा आहे. बऱ्याच वेळा दोष हाताचा नसतो, त्वचेचा तर नसतोच. दोष त्या डबीतल्या पावडरीचा असतो. तो नेमका काय असतो ते समजलं, की पुढच्या वेळी पैसे वाचतात आणि डोळेही वाचतात. डोळ्यांचा मुद्दा पुढे येईलच.

आधी आयशॅडो बनते कशी ते पाहू.

दाबून वडी केलेल्या पावडर आयशॅडोमध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे भरणा. यात टाल्क, म्हणजे आपलं संगजिरं असतं, अभ्रक असतं, कधी केओलिन माती असते. दुसरी म्हणजे रंगद्रव्य. तिसरी म्हणजे हे सगळं एकमेकांना आणि कातडीला धरून ठेवणारा बाइंडर. त्यासाठी डायमेथिकोनसारखं सिलिकॉन, खनिज तेल, झिंक किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट वापरतात. हे मिश्रण बारीक दळायचं, चाळायचं आणि पत्र्याच्या छोट्या वाटीत मशीनने दाबायचं.

रांगोळी विकत घेणाऱ्याला हे गणित लगेच कळेल. रंगीत रांगोळी म्हणजे पांढऱ्या पुडीत मिसळलेला रंग. स्वस्त पुडीत पांढरं जास्त आणि रंग कमी असतो, म्हणून पुडीत गुलाबी दिसलेली रांगोळी फरशीवर फिकट उमटते. चाळीस शेड्सच्या पॅलेटमध्ये तेच होतं, फक्त इथे फरशी म्हणजे तुमची पापणी.

पैशाचा हिशेबही करून बघा. ३९९ रुपयांतले साधारण ६१ रुपये १८ टक्के जीएसटीत जातात. उरलेल्यातून कुरिअर, वेबसाइटचं कमिशन, विक्रेत्याचा नफा, डबी आणि आरसा. समजा, हे सगळं वजा करून दीडशे रुपये उरले, तरी एका शेडच्या वाट्याला चार रुपयेसुद्धा येत नाहीत. मग कारखानदार कुठे हात आखडणार? सगळ्यात महाग जे असतं तिथे, म्हणजे रंगद्रव्यात. आणि दळण्यात, कारण जास्त वेळ दळायला वेळ आणि वीज दोन्ही लागतात.

आता ‘राख’ कुठून येते ते बघू. फिकट किंवा पेस्टल शेड बनवायला टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरंशुभ्र रंगद्रव्य घालतात. स्वस्तातल्या मालात खडूसारखा भरणाही भरपूर असतो. गोऱ्या त्वचेवर हा पांढरेपणा खपून जातो. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या त्वचेवर मात्र तोच पांढरा थर करडा दिसतो. म्हणजे रंग तुम्हाला ‘जात नाही’ असं नसतं, त्यात रंगच पुरेसा नसतो. चांगल्या प्रतीचा जांभळा सावळ्या पापणीवर जो उठून दिसतो, तो गोऱ्या पापणीवर दिसत नाही, हे कोणतीही अनुभवी मेकअप आर्टिस्ट सांगेल.

जांभळ्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. सगळे रंग बनवायला सारखे सोपे नसतात. तपकिरी, विटकरी, गेरूसारखे रंग आयर्न ऑक्साइडपासून येतात. हे स्वस्त असतात, व्यवस्थित दळले जातात आणि कातडीला धरूनही राहतात. म्हणून अगदी स्वस्त पॅलेटमध्येही तपकिरी शेड्स बऱ्यापैकी निघतात. जांभळा, निळा, पिवळा यांची रंगद्रव्यं वेगळी असतात आणि मॅटमध्ये ती एकसारखी बसवणं कौशल्याचं काम असतं. पॅलेट कसं आहे हे बघायचं असेल तर त्यातला तपकिरी बघू नका, मॅट निळा आणि मॅट जांभळा बघा.

शिमर शेड्सचा किस्सा उलटा आहे. त्या स्वस्तातही भारी दिसतात. चमक येते अभ्रकाच्या चपट्या पापुद्र्यांमुळे. त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ लेप असतो आणि त्या लेपाच्या जाडीप्रमाणे प्रकाशातून सोनेरी, गुलाबी, निळसर छटा दिसतात. हे पापुद्रे कौलांसारखे एकावर एक पसरतात, त्यामुळे लावताना झालेली चूक झाकली जाते. मॅटमध्ये लपायला जागाच नसते. रीलमध्ये आधी शिमरवर बोट का फिरवतात, ते आता लक्षात आलं असेल.

जाता जाता, या अभ्रकाचा मोठा पट्टा आपल्याच देशात झारखंडमध्ये, कोडरमा आणि गिरिडीह भागात आहे. तिथल्या बेकायदा खाणींमध्ये लहान मुलं अभ्रक वेचतात हे पुन्हा पुन्हा समोर आल्यावर, २०१७ मध्ये काही कंपन्या आणि संस्थांनी मिळून ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ सुरू केलं. तो विषय मोठा आहे, पण पापणीवरची चमक कुठून येते हे माहीत असलेलं बरं.

पुढची तक्रार म्हणजे पावडर गालावर सांडणं. मेकअपच्या भाषेत याला ‘फॉलआउट’ म्हणतात. बाइंडर कमी पडला किंवा वडी पुरेशी दाबली नाही, की ब्रश टेकताच धूर उडतो. बाइंडर जास्त झाला किंवा वडी फार दाबली, तर ती दगड होते आणि ब्रशवर काही येतच नाही. या दोन टोकांच्या मधली जागा सापडणं हेच खरं कसब. आणि प्रत्येक रंगद्रव्याचा स्वभाव वेगळा असल्याने ही जागा प्रत्येक शेडसाठी वेगळी असते. चाळीस शेड्सना एकच फॉर्म्युला लावला की काही उडतात आणि काही दगड होतात.

महाग घेतलं की हा प्रश्न सुटतो असंही नाही बरं का. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनास्तासिया बेव्हर्ली हिल्स या ब्रँडचं ‘मॉडर्न रेनेसाँ’ हे चौदा शेड्सचं पॅलेट तुफान चाललं. पुढच्याच वर्षी त्यांनी चौदा शेड्सचंच ‘सबकल्चर’ आणलं. किंमत होती ४२ डॉलर. सोशल मीडियावर तक्रारींचा पाऊस पडला. ब्रश टेकवला की वडीचा भुगा होतोय, रंग एकमेकांत मिसळून चिखल होतोय, थोड्याच वापरात वाटीचा तळ दिसतोय, असे व्हिडिओ फिरले. काहींना मात्र तेच पॅलेट खूप आवडलं आणि त्यांनी हलक्या हाताने वापरून दाखवलं. मुद्दा असा की किंमत जास्त असली की रंगद्रव्य जास्त मिळायची शक्यता वाढते, पण समतोल साधेलच याची हमी मिळत नाही.

मग रीलमधला तो पट्टा काय खोटा होता? खोटा नाही, पण अर्धवट. बोटावर नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे पावडर दाबून एकजीव उचलली जाते. ती मनगटाच्या आतल्या, न हलणाऱ्या, कोरड्या कातडीवर एकाच दिशेने ओढली जाते. कधी खाली प्रायमर असतो, कधी बोट ओलं असतं, आणि रिंगलाइट तर असतोच. पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटते, तिला घडी पडते, तिच्यावर तेल सुटतं आणि रंग तिथे ब्रशने जातो. ही परीक्षा पूर्ण वेगळी आहे. म्हणून रिव्ह्यू बघायचाच तर डोळ्यावर लावलेला, ब्रशने लावलेला, आणि शक्य असेल तर सहा तासांनंतरचा बघा. आपल्यासारख्या रंगाच्या त्वचेवरचा असेल तर सोन्याहून पिवळं.

घडीत रंग जमा होणं ही मुंबई-कोकणातल्या लोकांची खास डोकेदुखी. दमट हवेत घाम वाळत नाही. घाम आणि तेल मिळून बाइंडर सैल करतात आणि पापणी मिटली की सगळा रंग घडीत सरकतो. यात निम्मा दोष हवामानाचा आहे, तो आयशॅडोच्या माथी मारू नये. प्रायमरचा अगदी पातळ थर लावायचा, मिनिटभर थांबायचं, त्यावर कातडीच्या रंगाची थोडी पावडर फिरवायची आणि मग रंग. प्रायमर ओला असताना रंग लावला तर पहिला टेकवलेला ठिपका तिथेच चिकटतो आणि कितीही घासलं तरी डाग जात नाही. ‘ब्लेंड होत नाही’ या तक्रारींमध्ये हे कारण पुष्कळ वेळा असतं.

घरात पडून असलेलं पॅलेट थोडंफार वाचवताही येतं. फॉलआउट होत असेल तर डोळ्यांचा मेकअप आधी आणि चेहऱ्याचा नंतर करा. वडीवर चकचकीत कडक थर आला असेल तर तो बोटाच्या किंवा ब्रशच्या तेलाने आलेला असतो. त्यावर सेलोटेप हलकेच दाबून उचला, खालची पावडर मोकळी होते. शिमर ब्रशऐवजी बोटाने थापा. पडून फुटलेली वडी रबिंग अल्कोहोलचे थेंब घालून परत दाबता येते, अल्कोहोल उडून जातं. मात्र पावडरीत मुळातच रंग नसेल तर कोणताही जुगाड तो आणू शकत नाही.

इथपर्यंतचा त्रास दिसण्याचा होता. यापुढचा जास्त गंभीर आहे.

पापणीची त्वचा ही शरीरातल्या सगळ्यात पातळ त्वचेपैकी एक. शिवाय उडालेली पावडर थेट डोळ्यात जाते. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे तिथल्या एफडीएने, ‘क्लेअर्स’ या दुकानसाखळीच्या आयशॅडोसह काही उत्पादनांमध्ये अॅस्बेस्टॉस सापडल्याचं जाहीर केलं. क्लेअर्सचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः लहान आणि किशोरवयीन मुली. अॅस्बेस्टॉस मेकअपमध्ये कोणी मुद्दाम घालत नाही. टाल्क आणि अॅस्बेस्टॉस ही खनिजं जमिनीत शेजारी शेजारी सापडतात, म्हणून खाण नीट निवडली नाही आणि माल तपासला नाही तर एकातून दुसरं येतं. तपासणीला पैसे लागतात, आणि चार रुपयांच्या शेडमध्ये ते कुठून येणार?

नकली ब्रँडेड पॅलेटचं तर विचारूच नका. अशा बनावट मेकअपमध्ये आर्सेनिक, कॅडमियमसारखे विषारी धातू आणि जिवाणू सापडल्याचं अमेरिकेच्या एफबीआयनेही सांगितलं आहे. पाच हजारांचं पॅलेट तीनशेला मिळतंय म्हणजे ‘फर्स्ट कॉपी’ वगैरे काही नसतं, ते फक्त त्या डबीचं चित्र असतं.

आणखी एक, क्राफ्टचं ग्लिटर. राखी, ग्रीटिंग कार्डसाठी मिळणारी चमकी प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापलेली असते आणि तिचे कोपरे टणक असतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळावर ओरखडा येऊ शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर ती पापणीजवळही नेऊ नये. तसंच काही भडक निऑन शेड्सच्या मागे ‘प्रेस्ड पिगमेंट’ असं लिहून बारीक अक्षरात ‘डोळ्याभोवती वापरू नये’ असं छापलेलं असतं. आयशॅडोसारख्या दिसणाऱ्या डबीवर हे लिहिण्याचं कारण इतकंच की त्यातल्या काही रंगांना अमेरिकेत डोळ्याजवळ वापरायची परवानगी नाही.

आपल्याकडे काय नियम आहेत? १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं रंगासाठी वापरायला बंदी आहे. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी हवी. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यावर १२ किंवा २४ आकडा दिसला, तर उघडल्यापासून तितके महिने वापरायचं.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याने डबीच्या मागच्या बाजूचा फोटो टाकलाय का ते आधी बघा. नसेल तर मागा. तो देत नसेल तर विषय तिथेच संपवा. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, हातावर नाही तर कोपराच्या आत थोडा रंग लावून एक दिवस वाट पाहा. खाज, लाली, सूज आली तर वापर थांबवून डोळ्यांच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना ती डबी सोबत न्या, म्हणजे त्यांना घटक वाचता येतील.

लेबलच नसलेला किंवा बनावट माल मिळाला तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. विक्रेता पैसे परत द्यायला नाही म्हणत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार करताना बिल, ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि डबीचे फोटो हाताशी ठेवा. डबी फेकून देऊ नका, बॅच नंबर तिच्यावरच असतो.