झडप मोजताना

"जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का?" डॉक्टर विचारतात. सत्तरी ओलांडलेले काका ठामपणे म्हणतात, "छे, अजिबात नाही." तेवढ्यात काकू बोलतात, "अहो, चढतातच कुठे आता? गच्चीवर जाणं कधीच सोडलंय त्यांनी."

महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णाच्या तपासणीत हा संवाद नेहमीचा. आजार सावकाश वाढतो, माणूस तितक्याच सावकाश हालचाल कमी करतो आणि घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. त्यामुळे अनुभवी हृदयरोगतज्ज्ञ 'धाप लागते का' एवढंच विचारून थांबत नाहीत. गेल्या दिवाळीत जमत होतं असं काय आता जमत नाही, हे ते खोदून विचारतात.

या उत्तरावर पुढचं बरंच काही ठरतं. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा धाप लागणं सुरू झालं की उपचारांविना उरलेला काळ झपाट्याने कमी होतो, हे जॉन रॉस आणि यूजीन ब्राउनवाल्ड यांनी 1968 मध्येच दाखवून दिलं होतं. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय इथे अडचणीत आणू शकते. झडप फार अरुंद असेल तर त्या गोळीने रक्तदाब एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

मग स्टेथोस्कोप. छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडे, दुसऱ्या फासळीखाली एक खरखरीत आवाज ऐकू येतो आणि तो मानेपर्यंत पोचतो. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असं मात्र नाही. थकलेलं हृदय रक्त जोराने ढकलूच शकत नाही, तेव्हा आवाजही मंदावतो.

खरं मोजमाप होतं इकोच्या खोलीत. रुग्ण डाव्या कुशीवर, छातीवर जेल, दिवे मंद. निरोगी झडप उघडली की तीन ते चार चौरस सेंटिमीटर वाट मिळते. ती एकवर किंवा त्याखाली आली तर आजार तीव्र समजतात. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाण्याची धार जोरात उडते, तसा अरुंद झडपेतून रक्ताचा वेग वाढतो. डॉप्लर तोच मोजतो. सेकंदाला चार मीटर ही तीव्रतेची खूण. वेगाचा वर्ग करून चारने गुणलं की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मिळतो: चारचा वर्ग सोळा, गुणिले चार, म्हणजे 64 मिलिमीटर पारा.

गणित सोपं आहे, कस लागतो हाताचा. ध्वनिलहरी रक्ताच्या धारेला समांतर नसतील तर वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. हृदयाच्या टोकाकडून 3.4 मीटर दिसलेला वेग रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून छातीच्या उजव्या कडेने पाहिल्यावर 4.2 भरू शकतो. पहिल्या आकड्याने दाबाचा फरक 46, दुसऱ्याने 71. झडपेखालच्या वाटेचा व्यास 20 ऐवजी 18 मिलिमीटर धरला, तर 1.1 चौरस सेंटिमीटरची झडप 0.9 होते आणि मध्यम आजार कागदावर तीव्र ठरतो. म्हणूनच चांगला तंत्रज्ञ घाई करत नाही, दोनदा-तीनदा मोजतो. आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर सीटी स्कॅनवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. पुरुषांत सुमारे 2000, स्त्रियांत 1200 गुणांच्या पुढे आजार तीव्र असण्याची शक्यता दाट.

ही वाट गोळ्यांनी रुंद होत नाही. कोलेस्टेरॉलच्या औषधांनी आजार रोखता येईल ही आशाही 2008 च्या 'सीज' चाचणीत फोल ठरली. उरतो झडप बदलण्याचा मार्ग. छाती उघडून शस्त्रक्रिया हा जुना, भरवशाचा उपाय. 2002 मध्ये फ्रान्समधल्या रुआँ इथे अलाँ क्रिबिए यांनी शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या 57 वर्षांच्या रुग्णात कॅथेटरने झडप बसवली, आणि 'टावी'ची सुरुवात झाली. आज ही झडप बहुधा जांघेतल्या धमनीतून नेतात. फुग्याने उघडणारी असेल तर पेसिंगने हृदय काही क्षण अतिवेगाने धडधडवतात, म्हणजे रक्ताचा रेटा ओसरतो आणि झडप जागची हलत नाही.

ऐंशीच्या पुढे टावीकडे कल असतो, तरुणांत शस्त्रक्रियेकडे. भारतात तरुण रुग्णही कमी नाहीत. काहींची झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची, काहींना लहानपणी संधिवाताचा ताप आलेला. त्यांना बऱ्याचदा धातूची झडप बसते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली, 1990 पासून वापरात आलेली देशी झडप याच प्रकारातली. ती टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी 'आयएनआर'ची तपासणी जन्मभराची.

झडप कोणतीही असो, घरी जाताना काही सूचना कागदावर लिहून घ्याव्यात. दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगायचं, म्हणजे अँटिबायोटिकचा डोस आधी देता येतो. आणि कारण कळत नसलेला ताप आला तर परस्पर गोळ्या सुरू करायच्या नाहीत. आधी रक्ताचं कल्चर करायचं, कारण झडपेवरचा जंतुसंसर्ग त्यातूनच पकडता येतो.