हेलियमवर आदळणारे प्रोटॉन : मोजणी निम्मी, अनुमाने पुरी

प्रोटॉन आणि हेलियम-४ यांच्या स्थितिस्थापक प्रकीर्णनाचा विषय केव्हाच संपला, असे सांगणारे दर दहा वर्षांनी नव्याने उगवतात. माझे म्हणणे उलट आहे. अणुकेंद्रीय बलाची परीक्षा घ्यायला इतके स्वच्छ मैदान क्वचितच मिळते. मात्र मोजणी अर्धवट सोडता कामा नये. हेलियमच्या अणुकेंद्राचे परिवलन शून्य आणि पहिली उत्तेजित पातळी २० एमईव्हीच्याही वर. ड्यूटेरॉन आणि हेलियम-३ असे दोन तुकडे पडण्याची वाट प्रोटॉनची ऊर्जा सुमारे २३ एमईव्ही झाल्याशिवाय उघडत नाही. त्याखाली प्रोटॉनने दिशा बदलून निघून जावे, एवढेच शक्य असते. म्हणून फेज शिफ्ट वास्तव संख्या राहतात आणि एस, पी व किंचित डी लहरींत हिशेब आटोपतो. ‘पुरेसे प्राचल घेतले की कोणताही आलेख जुळतो’ हा आक्षेप इथे लागू पडत नाही, कारण प्राचलच मोजके आहेत.

मिनेसोटा विद्यापीठात फ्रायर आणि सहकाऱ्यांनी १ ते ३.५ एमईव्हीच्या पट्ट्यात कोनागणिक केलेली मोजणी १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि क्रिचफील्ड व डॉडर यांनी त्याच वर्षी तिचे विश्लेषण केले. पी लहरीचे दोन भाग निघाले, एकाचा एकूण कोनीय संवेग ३/२ आणि दुसऱ्याचा १/२. यांपैकी खालच्या ऊर्जेला कोणता, यावर मात्र गाडी अडली. कोनीय वितरणाला दोन्ही क्रम जवळपास सारखेच मानवत होते. याचे कारण गणितातच आहे. परिवलन न पालटणारे आणि पालटणारे असे दोन अँप्लिट्यूड असतात. क्रॉस-सेक्शनमध्ये त्यांचे वर्ग नुसते बेरजेत येतात आणि परस्परांची खूण पुसली जाते. ध्रुवणात मात्र त्यांचा गुणाकार येतो, खूण टिकते. हॉइसिंकफेल्ड आणि फ्रायर यांनी १९५२ मध्ये प्रोटॉन दोनदा विखुरले. पहिल्या टकरीने ध्रुवण दिले, दुसरीने डावी-उजवीकडच्या मोजणीतल्या फरकातून ते पकडले. निकाल लागला : ३/२ खाली, १/२ वर. मेयर आणि येन्सन यांच्या कवच-प्रतिमानाला हव्या असलेल्या परिवलन-कक्षा बलाची ही दोन कणांच्या टकरीतली साक्ष होती. नुसत्या क्रॉस-सेक्शनवर थांबणारे ती ऐकूच शकले नसते.

जीईव्ही ऊर्जांचा भाग थोडक्यात उरकतो. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ब्रुकहेवनमध्ये १९६७ साली १ जीईव्हीच्या आसपासच्या प्रोटॉनांच्या कोनीय वितरणात खोल खळगा दिसला. ग्लाउबरच्या सिद्धांताने तो एकेरी व दुहेरी टकरींच्या व्यतिकरणातून समजावला. पुढे साक्लेच्या मोजणीत खळगा बराच उथळ निघाला. ही खोली न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन अँप्लिट्यूडच्या वास्तव भागावर आणि परिवलनावर अवलंबून असते, म्हणजे पुन्हा तोच धडा. तरी काही जण सरळ ऑप्टिकल विभव बसवून मोकळे होतात. चार न्यूक्लिऑनांच्या अणुकेंद्राला सरासरी क्षेत्राचा अंगरखा ढगळच होणार. प्रोटॉन आतल्या न्यूक्लिऑनांशी अदलाबदल करतो, म्हणून मागच्या दिशेला उठणारा भाग त्या विभवातून सहजी येत नाही. वेगळ्या पॅरिटीला वेगळे विभव असे पद घुसडावे लागते. शिवाय भिन्न विभवे एकच फेज शिफ्ट देऊ शकतात. तेव्हा मोजलेले काय आणि मानलेले काय, हे फेज शिफ्टच्या पातळीवर थांबल्यानेच कळते.

‘आता सारे मूळ बलांतूनच मोजता येते, मग फेज शिफ्ट कशाला?’ हा नवा आक्षेप. याचे उत्तर त्याच गणनांनी दिले आहे. नोलेट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये न्यूट्रॉन-हेलियमसाठी दाखवले की नुसत्या द्विकण बलांनी ३/२ आणि १/२ मधली फट पुरी पडत नाही. त्रिकण बल घ्यावे लागते. हुपिन, क्वाल्योनी आणि नव्राटिल यांनी २०१४ मध्ये प्रोटॉनच्या बाबतीतही त्रिकण बल हिशेबात धरले. ही कसोटी कोणत्या दगडावर लागली? सत्तर वर्षांपूर्वी ज्या फटीची दिशा ठरली, तिच्यावरच. धातूत मुरलेल्या हेलियमची खोली प्रोटॉनने मापणाऱ्यांनाही हेच क्रॉस-सेक्शन लागते, कारण काही एमईव्हीला ते रदरफर्डच्या सूत्रापासून फार दूर जाते. म्हणून आज माहितीकोशातून आकडे उचलताना त्यांचे प्रसामान्यीकरण कसे झाले, ध्रुवण मोजले होते का, हे न पाहण्याची जी सवय लागली आहे, ती मला खटकते. आकड्यांची कमतरता उरलेली नाही. ते कसे मिळवले याची विचारपूस कमी झाली आहे. क्रॉस-सेक्शन आणि ध्रुवण एकत्र मोजून, त्रुटीच्या मर्यादांसह छापलेली एक छोटी सारणी शंभर सुबक आलेखांहून अधिक काळ टिकते, हे १९५२ पासून सिद्धच आहे.