आयातशुल्क, बाग आणि मत

पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात घर चालते ते संत्रा आणि कापूस या दोन पिकांवर. सावरगावच्या शेतकऱ्याला आयातशुल्काचा अर्थ ही दोन पिकेच नीट समजावून देतात.

बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेते, ते आयातशुल्क. त्याने परका माल महागतो आणि देशातल्या उत्पादकाला आडोसा मिळतो. हाच संरक्षणवाद.

आधी संत्रा पाहू. नागपुरी संत्र्याचे परदेशातील मोठे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २०१९ ते २०२३ या काळात तिथले शुल्क चौपटीपुढे गेले. २०२२ साली परकीय चलनाची चणचण भासली, तेव्हा त्या देशाने फळांवर जादा शुल्क बसवले होते. निर्यात आटली की तोच माल देशातल्या बाजारात उतरतो आणि ज्याने सीमेपार एक फळही धाडले नाही, त्याचाही भाव पडतो. २०२३ अखेरीस महाराष्ट्राने निर्यातीला अनुदान जाहीर केले. आपण मात्र मध्य प्रदेशात.

आता कापूस. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून परदेशी कापसावर भारताने सुमारे ११ टक्के शुल्क लावले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. कापडउद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील शुल्क उठवले; ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. पेरणी जूनमध्येच झाली होती. वेचणीच्या तोंडावर आडोसा गेला.

म्हणजे एकाच घराला बांगलादेशचे शुल्क उतरायला हवे आणि भारताचे टिकायला हवे. याला दुटप्पीपणा म्हणू नये. हा पोटाचा हिशेब आहे. गिरणीतल्या कामगाराचा हिशेब याच्या उलट, आणि तोही खराच.

लोकानुनय करणारा नेता हे गुंते एका वाक्यात सोडवतो: ‘बाहेरच्यांना रोखा.’ अमेरिकेत कारखाने बंद पडलेल्या गावांना ते पटले, कारण त्यांचे दुःख खरे होते. पण शुल्क सरकारी तिजोरीत भरतो तो आयातदार, आणि त्याचा भार बहुधा तिथल्याच गिऱ्हाइकावर पडतो.

तेव्हा मत मागायला येणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. हे शुल्क कोणाच्या खिशातून जाणार? वाढलेला भाव शेतकऱ्याच्या हाती पडणार की मधल्यामध्ये अडकणार? आणि हे धोरण किती दिवस टिकणार? तिसरा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत मोठा. संत्र्याचे कलम लावल्यावर फळ यायला काही वर्षे लागतात. शुल्काची अधिसूचना एका रात्रीत निघते.