अंतर एकच, वेळ मात्र वेगळी

लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ यांच्यातलं हवाई अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. तरी न्यूयॉर्कला जायला आठेक तास लागतात आणि परतीला सातच्या आसपास. पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून असं होतं, असं अनेकजण सांगतात. तसं असतं तर पश्चिमेला निघालेल्याकडे न्यूयॉर्क आपणहून सरकत आलं असतं, म्हणजे हिशेब उलटाच! पृथ्वीबरोबर वातावरणही फिरतं. त्यामुळे या फिरण्याचा विमानाला थेट फायदा नाही. फरक पाडतो तो दहाएक किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे धावणारा जेट प्रवाह. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘किआरा’ वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी ध्वनीचा वेग काही त्याने ओलांडला नाही, कारण भोवतालची हवाच पळत होती.

कोणी म्हणेल, जाताना गेलेला वेळ येताना मिळतो, मग फिट्टंफाट. पण करून बघा. अंतर ५,५०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, वारा १००. वाऱ्याबरोबर साडेपाच तास, विरुद्ध जवळपास सात. एकूण १२ तास २२ मिनिटं. वारा नसता तर १२ तास १३ मिनिटं. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त काळ राहतं, म्हणून नुकसान पुरतं भरून निघत नाही. नकाशावरचा जवळचा रस्ता सोडून वाऱ्याला बगल देणं त्यामुळेच कित्येकदा परवडतं, आणि अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखले जातात.