खासदार राजदूत झाले, तर त्यांच्या जागेचे काय होते?

विजयालक्ष्मी पंडित १९५२ मध्ये लखनौमधून लोकसभेवर निवडून आल्या आणि १९५४ मध्ये भारताच्या उच्चायुक्त म्हणून लंडनला गेल्या. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे जो राजदूत पाठवतात, त्याला उच्चायुक्त म्हणतात. अशा वेळी मतदारांनी दिलेल्या जागेचे काय होते, ते आजच्या नियमांप्रमाणे क्रमाने पाहू.

पहिली पायरी नेमणुकीची. सरकार नाव ठरवते आणि ज्या देशात पाठवायचे, त्याची संमती आधी घेते. त्या देशाने नकार दिला, तर कारण सांगण्याचे बंधन त्याच्यावर नसते.

दुसरी पायरी ‘लाभाचे पद’ तपासण्याची. लाभाचे पद म्हणजे सरकारच्या अखत्यारीतले, आर्थिक लाभ देणारे पद. राज्यघटनेच्या कलम १०२ नुसार असे पद धरणाऱ्याला खासदार राहता येत नाही. खासदाराने सरकारला जाब विचारायचा असतो, राजदूताने सरकारची बाजू मांडायची असते. ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असू नयेत, हे योग्यच आहे. मंत्र्यांना मात्र याच कलमात सूट आहे.

इथे एक गैरसमज होतो. परदेशातले प्रत्येक काम म्हणजे लाभाचे पद नव्हे. १९५३ मध्ये विजयालक्ष्मीबाई संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, तेव्हा त्या लोकसभेच्या सदस्यच होत्या.

तिसरी पायरी राजीनाम्याची. लोकसभा सदस्याने स्वतःच्या सहीचे पत्र अध्यक्षांच्या नावे द्यायचे असते; राज्यसभेत ते सभापतींच्या नावे जाते. लोकसभेच्या नियमांत पत्राचा मजकूर ठरलेला आहे: अमुक तारखेपासून जागेचा राजीनामा देत आहे, एवढेच. कारण लिहायचे नाही. कोणी लिहिलेच, तर अध्यक्ष तेवढा भाग वगळू शकतात आणि तो सभागृहात वाचला जात नाही. पक्षाचा राजीनामा म्हणजे जागेचा राजीनामा नव्हे, हेही आपण लक्षात ठेवावे.

चौथी पायरी स्वीकृतीची. राजीनामा दबावाखाली दिलेला नाही ना, याची खात्री अध्यक्ष करून घेतात. ही तरतूद १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीने आली. पत्र टपालाने किंवा दुसऱ्याच्या हाती आले, तर अध्यक्ष चौकशी करू शकतात. स्वीकृतीपूर्वी सदस्याला ते मागे घेता येते. स्वीकारल्यावर जागा रिकामी झाल्याचे जाहीर होते आणि निवडणूक आयोगाला कळवले जाते.

पाचवी पायरी पोटनिवडणुकीची. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत ती घ्यावी लागते. सभासदत्वाची मुदत एका वर्षाहून कमी उरली असेल किंवा आयोगाने केंद्राशी सल्लामसलत करून अडचण प्रमाणित केली, तर सूट मिळते. लोकसभेसाठी आपण मत देतो, राज्यसभेसाठी राज्याचे आमदार. नव्या सदस्याला उरलेलीच मुदत मिळते. लखनौच्या पोटनिवडणुकीत शिवराजवती नेहरू निवडून आल्या.

परतीची वाटही मतदारांकडूनच जाते. विजयालक्ष्मीबाई १९६२ ते १९६४ महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. ते पद सोडल्यावर त्यांनी फुलपूरची पोटनिवडणूक लढवून लोकसभेत प्रवेश केला.

आपल्या मतदारसंघाची जागा अशी रिकामी झाली, तर जागा रिकामी झाल्याची तारीख टिपून ठेवा, तिथून सहा महिने मोजा आणि मतदारयादीत आपले नाव आहे ना, हे लगेच तपासा.