राखेतला विस्तव
अंतानंतरच्या गोष्टी : भाग 6

मागच्या आठवड्यात आपण मेरी शेलीची 1826 सालची ‘द लास्ट मॅन’ वाचली. महामारीनंतर पृथ्वीवर एकटाच माणूस उरतो, अशी ती गोष्ट. आजच्या कादंबरीत दोघं उरतात, बाप आणि त्याचा लहानगा मुलगा.

कॉरमॅक मॅकार्थी यांची ‘द रोड’ 2006 साली आली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. जग कशानं जळालं, हे मॅकार्थी सांगत नाहीत. ऊन नाही, पीक नाही, जनावर नाही, जिकडेतिकडे राख. थंडीत मरू नये म्हणून बापलेक ढकलगाडीत किडूकमिडूक भरून दक्षिणेला, समुद्राकडे चालले आहेत. सुरुवातीला बापाच्या पिस्तुलात दोनच गोळ्या आहेत. मुलाच्या आईनं या वाटेपेक्षा मरण पत्करलं आहे. बापलेकांना लेखकानं नावंही दिलेली नाहीत.

आपण विस्तव घेऊन चाललो आहोत, एवढी एक गोष्ट बापानं मुलाच्या मनात रुजवली आहे. या विस्तवाचा अर्थ आपल्या गावाकडच्या म्हाताऱ्यांना समजावून सांगावा लागणार नाही. पूर्वी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवत आणि पहाटे फुंकर घालून चूल पेटवत. तो विझलाच तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायचं. विस्तव राखायचा, तसा मागणाऱ्याला द्यायचाही. दिल्यानं तो कमी होत नाही.

कादंबरीत ही दोन कामं दोघांनी वाटून घेतल्यासारखी आहेत. बाप राखतो, मुलगा देतो. रस्त्यात एक थकलेला म्हातारा भेटतो. त्याला खायला द्यायचा हट्ट मुलगा धरतो. समुद्रकाठी एक चोर त्यांचं सगळं घेऊन पळतो. बाप त्याला गाठतो आणि अंगावरच्या कपड्यांसकट सारं काढून घेतो. मुलाचं रडणं थांबत नाही. अखेर दोघं मागे फिरतात. चोर सापडत नाही, तेव्हा त्याचे कपडे रस्त्यातच ठेवून येतात.

बापाला निर्दय म्हणायला जीभ रेटत नाही. 1972च्या दुष्काळात आपल्या नगर जिल्ह्यातले आईबाप खडी फोडायला गेले. कामावर मिळालेली सुकडी स्वतः न खाता पोरांसाठी पदरात बांधून आणणाऱ्या आयांच्या आठवणी अजून घराघरांत निघतात. आपलं पोर जगवताना दुसऱ्याच्या पोराकडे बघायचं बळ उरत नाही, हे तेव्हाही खरं होतं. बाप मुलाला जिवंत ठेवतो. बापातला माणूस मात्र मुलगा जिवंत ठेवतो.

या कादंबरीचं बीजही एका बापाच्या रात्रीतलंच. सत्तरीतले मॅकार्थी 2003च्या सुमाराला लहान मुलासह एल पासोच्या हॉटेलात उतरले होते. मूल झोपलेलं. खिडकीबाहेर बघताना त्यांना पुढच्या काळात जळणारे डोंगर दिसले. पुस्तक त्यांनी त्या मुलालाच अर्पण केलं आहे.

शेवटी बाप मरतो. मुलगा तीन दिवस त्याच्यापाशी बसून राहतो. मग एक परका माणूस येतो. त्याला बायको आहे, दोन मुलं आहेत. बाप असता तर त्यानं पिस्तूल रोखलं असतं. मुलगा प्रश्न विचारतो, आणि विश्वास टाकून त्याच्याबरोबर जातो. आशा इथे आहे. वाटेत भेटलेल्या प्रत्येकात माणूस शोधायची सवय त्यानं मोडू दिली नाही, म्हणून शेवटी त्याला माणूस ओळखता आला.

आमच्या राहात्याहून नगर-मनमाड रस्त्यानं शिर्डी हाकेच्या अंतरावर. तिथे द्वारकामाईत साईबाबांची धुनी त्यांच्यामागे शंभरावर वर्षं तेवती ठेवली आहे. तिची राख, म्हणजे उदी, आईबाप लेकराच्या कपाळी लावतात आणि चिमूटभर शेजाऱ्यांसाठी कागदात बांधून आणतात. ‘द रोड’ वाचून झाल्यावर ती पुडी हातात घेतली, तेव्हा मला त्या मुलाची आठवण झाली. राख तीच, मागे विस्तव राखणारं कुणी आहे का, एवढाच काय तो फरक.

पुढच्या आठवड्यात : ‘स्टेशन इलेव्हन’. साथीनंतरच्या उजाड जगात गावोगाव नाटकं करत फिरणाऱ्या मंडळींची गोष्ट.